जगदीशचंद्र बोस : एक कळ, एक ठिणगी आणि मग शांतता



३० नोव्हेंबर हा आचार्य जगदीशचंद्र बोस यांचा जन्मदिवस. त्या दिवशी परिपाठात एखादा विद्यार्थी पाच-सहा वाक्यं बोलतो. वनस्पतींना संवेदना असतात हे त्यांनी दाखवलं, रेडिओचा शोध खरं तर त्यांचाच, आणि मग टाळ्या. यातलं पहिलं वाक्य अर्धवट आहे आणि दुसरं तर तपासूनच सांगायला हवं. म्हणून आज आपण बोसांचं चरित्र जरा वेगळ्या वाटेनं बघू. ही वाट आपल्या प्रयोगशाळेतल्या एका बटणापासून निघते. सिग्नल जनरेटरवरचं ते बटण म्हणजे बर्स्ट.

अकरावी-बारावीचं इलेक्ट्रॉनिक्स, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग शिकणारी मुलं घरात असतील तर हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. नसेल आला तरी काळजी नको, पुढे सगळं सोपं करून सांगितलं आहे.

बालपण : मातृभाषेची शाळा

बोसांचा जन्म १८५८ चा, तेव्हाच्या बंगालमधला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळी अशा घरातली मुलं इंग्रजी शाळेत जायची. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी गावच्या बंगाली शाळेत घातलं. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसायचा, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पक्षी, मासे, पाण्यातले जीव यांच्या गोष्टी त्याला या मित्रांकडून ऐकायला मिळाल्या. निसर्गाकडे बघायची ओढ आपल्याला तिथे लागली, हे पुढे मोठेपणी त्यांनी सांगितलं होतं. मुलांसाठी माध्यम निवडताना घरोघरी किती चर्चा होते ते आपण बघतोच. त्या चर्चेत हे उदाहरणही असू द्या.

नंतर कलकत्त्याला सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ हे शिक्षक लाभले. ते प्रयोग करून दाखवून पदार्थविज्ञान शिकवत. तिथून बोस इंग्लंडला डॉक्टर व्हायला गेले, पण तापानं आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासानं ते जमेना. मग केंब्रिजला जाऊन त्यांनी निसर्गविज्ञान शिकायला घेतलं. लॉर्ड रॅले तिथे त्यांचे गुरू होते.

तीन वर्षं बिनपगारी

१८८५ मध्ये बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तेव्हा भारतीय प्राध्यापकाला त्याच कामासाठी युरोपियनाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे. बोसांची नेमणूक हंगामी, म्हणून त्यांना त्याहूनही कमी देऊ केला. त्यांनी भांडण केलं नाही आणि नोकरीही सोडली नाही. रोज वर्गावर जायचं, मन लावून शिकवायचं, आणि पगार मात्र घ्यायचा नाही, असं तीन वर्षं चाललं. घरात वडिलांवर कर्ज होतं, १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्नही झालं होतं. शेवटी सरकारनं नेमणूक कायम केली आणि मागचा पगार पूर्ण दिला. त्यातून त्यांनी वडिलांचं देणं फेडायला हात लावला.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. २४ चौरस फुटांची एक खोली होती. म्हणजे किती? आपल्या चाळीतल्या मोरीपेक्षा फार मोठी नाही. मदतीला एक स्थानिक टिनकाम करणारा कारागीर होता. शिकवणं संपलं की बोस त्या खोलीत जात.

मोठ्या लहरी, मोठी अडचण

आता जरा विज्ञान. १८८० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी ठिणगी पाडून विद्युतचुंबकीय लहरी तयार केल्या आणि त्या प्रकाशासारख्याच वागतात हे दाखवलं. पण या लहरी लांब होत्या, अर्ध्या मीटरहून मोठ्या. लहर मोठी असली की आरसा, लोलक, भिंग सगळंच मोठं लागतं. हर्ट्झ यांचा डांबरासारख्या पदार्थाचा लोलक सुमारे ६०० किलोचा होता! २४ चौरस फुटांच्या खोलीत तो मावणार कुठे?

१८९४ च्या सुरुवातीला हर्ट्झ वारले. त्यांच्या कामावर ऑलिव्हर लॉज यांनी इंग्लंडमध्ये दिलेलं व्याख्यान छापून आलं, ते बोसांच्या वाचनात आलं. त्याच वर्षी ३६ व्या वाढदिवसाला त्यांनी संशोधनाला वाहून घ्यायचं ठरवलं. पहिली गोष्ट काय केली, तर लहर छोटी केली. त्यांच्या लहरींची लांबी ५ मिलिमीटरपर्यंत खाली आली. म्हणजे सेकंदाला तब्बल ६० अब्ज आवर्तनं. आता सगळी उपकरणं टेबलावर मावायला लागली. लहरी गोळा करायला धातूचं नरसाळं, ध्रुवण दाखवायला तागाच्या पिळलेल्या जुड्या. एवढंच काय, रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाड पुस्तक घेऊन त्याच्या पानापानांत धातूचा पातळ पत्रा घातला आणि तेही ध्रुवक म्हणून वापरलं. बाजारात उपकरण मिळत नाही ही तक्रार आपणही करतो, नाही का?

एक कळ, एक ठिणगी

आणि आता आपल्या विषयाचा गाभा. ठिणगी पाडायला तेव्हा रुमकॉर्फ कॉइल वापरत. तिच्यात जुन्या विजेच्या घंटीसारखी थरथरणारी पट्टी असते. ती प्रवाह सतत तोडते-जोडते, त्यामुळे ठिणग्यांचा नुसता पाऊस पडतो. बोसांना यात दोन अडचणी दिसल्या. एक म्हणजे सतत ठिणग्या पडून धातूच्या गोळ्यांचा गुळगुळीतपणा जातो, आणि मग प्रत्येक ठिणगी वेगळी वागते. दुसरी म्हणजे लहर ओळखणारा ग्राहक इतका संवेदनशील की भलत्या ठिकाणाहून आलेल्या लहरीही तो टिपतो. मग नेमकं कशाला उत्तर मिळालं हे कळणार कसं?

त्यांनी ती थरथरणारी पट्टी काढूनच टाकली. तिच्या जागी तारयंत्रासारखी साधी कळ बसवली. कळ दाबून सोडली की एक ठिणगी, म्हणजे लहरींचा एक छोटासा झोत. मग शांतता. त्या शांततेत ग्राहकाकडे बघायचं, नोंद घ्यायची, त्याला पुन्हा तयार करायचं, आणि मगच पुढची कळ. कॉइल आणि बॅटरी धातूच्या पेटीत बंद केली, म्हणजे भटक्या लहरी बाहेर येऊ नयेत. ठिणगीच्या जागी प्लॅटिनमचा छोटा गोळा ठेवला, कारण तो लवकर खराब होत नाही.

सतत ओतण्याऐवजी मागितल्यावर, एकदाच, मोजकं सोडायचं आणि मग थांबायचं. आजच्या सिग्नल जनरेटरवर बर्स्ट मोड, ट्रिगर मॅन्युअल असं लावलं की आपण हेच करतो. फरक एवढाच, की ठिणगीतली आवर्तनं काही क्षणांत विरून जात आणि ती मोजून सोडणं बोसांच्या हातात नव्हतं. ती मोजणी आजच्या यंत्रानं दिली.

बर्स्ट कसा लावायचा?

मुलांना हे टप्प्यानं सांगा. आधी जनरेटरवर नेहमीची सलग साइन लहर घ्या, समजा १ किलोहर्ट्झ. म्हणजे एका आवर्तनाला १ मिलिसेकंद. आता बर्स्ट चालू केलं की यंत्र आपल्याला काही प्रश्न विचारतं.

पहिला प्रश्न, एका झोतात किती आवर्तनं? समजा ५. म्हणजे झोत ५ मिलिसेकंदांचा झाला.

दुसरा प्रश्न, एका झोताच्या सुरुवातीपासून पुढच्या झोताच्या सुरुवातीपर्यंत किती वेळ? याला बर्स्ट पीरियड म्हणतात. समजा २० मिलिसेकंद. मग ५ मिलिसेकंद लहर आणि १५ मिलिसेकंद शांतता. इथे मुलं हमखास गोंधळतात. लहरीचा आवर्तनकाल वेगळा आणि बर्स्टचा वेगळा, हे फळ्यावर काढूनच दाखवा. कोणी आवर्तनं ५० लावली आणि पीरियड २० च ठेवला तर? ५० मिलिसेकंदांचा झोत २० मध्ये कसा मावेल? अशा वेळी बहुतेक यंत्रं एक तर पीरियड आपोआप वाढवतात किंवा आकडा स्वीकारतच नाहीत. मशीन बिघडलंय असं म्हणण्याआधी मुलांना हा गुणाकार करायला लावा.

तिसरा प्रश्न, झोत सुरू कधी करायचा? ट्रिगर इंटर्नल ठेवला तर यंत्र स्वतःच्या घड्याळानं झोत सोडत राहतं. एक्स्टर्नल ठेवला तर बाहेरून इशारा आला की सोडतं. मॅन्युअल ठेवला तर आपण बटण दाबू तेव्हाच. हा बोसांचा मार्ग. याशिवाय गेटेड नावाचा प्रकार असतो. त्यात आवर्तनं मोजत नाहीत, बाहेरचा इशारा जोवर चालू तोवर लहर चालू. दारावरची बेल आपण बोट ठेवू तेवढा वेळ वाजते, तसंच.

चौथा प्रश्न, लहर कुठून सुरू करायची? सुरुवातीची कला ० अंश ठेवली तर साइन लहर शून्यातून सुरू होते. ९० अंश ठेवली तर एकदम शिखरावरून उडी मारते. स्पीकर जोडला असेल तर ती उडी टक असा आवाज करून कळते.

आता ऑसिलोस्कोपवर बघायची वेळ. झोत लावलाय पण चित्र पडद्यावर पळतंय, ही नेहमीची तक्रार. त्यासाठी जनरेटरचं सिंक आउटपुट वेगळ्या केबलनं ऑसिलोस्कोपच्या एक्स्टर्नल ट्रिगरला जोडा आणि ट्रिगरचा स्रोतही एक्स्टर्नल निवडा. चित्र जागेवर थांबेल. आणि मॅन्युअल ट्रिगरनं एकच झोत सोडणार असाल तर डिजिटल ऑसिलोस्कोप ऑटोवर ठेवू नका, सिंगलवर ठेवा. नाहीतर झोत येऊन जाईल आणि पडद्यावर सपाट रेघ उरेल.

ही चार उत्तरं मुलाला स्वतःच्या शब्दांत देता आली तर त्याला बर्स्ट कळला असं समजा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत जर्नलमधली आकृती सुबक असते, पण पीरियड निम्मा केला तर काय होईल असं विचारलं की मूल गप्प होतं. तिथे आपलं काम सुरू होतं.

कलकत्ता ते लंडन

पुन्हा बोसांकडे येऊ. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहरी भिंती भेदून सुमारे ७५ फूट लांब गेल्या, तिथे घंटा वाजली आणि दारूचा स्फोट झाला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली पेटीत मावणारी उपकरणं मांडून व्याख्यान दिलं. १८९९ मध्ये त्यांनी पाऱ्याचा वापर असलेल्या एका नव्या ग्राहकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संकेत पकडला, तेव्हा वापरलेला ग्राहक याच जातीचा होता.

मग रेडिओचा शोध कोणाचा? मुलांना एका नावात उत्तर देऊ नका. हर्ट्झ यांनी लहरी दाखवल्या. लॉज यांनी ग्राहक सुधारला. बोसांनी लहरी मिलिमीटरपर्यंत आणल्या आणि त्या ओळखायची नवी साधनं दिली. मार्कोनींनी त्यातून दूरसंदेशाचा व्यवसाय उभा केला. बोसांचं लक्ष संदेश पाठवण्यावर नव्हतं, लहरीचा स्वभाव समजून घेण्यावर होतं. पेटंट घेऊन पैसा करायला ते नाखूश होते. सारा बुल यांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं, ते गॅलेना या खनिजावर आधारलेल्या ग्राहकाचं. अर्धवाहकाच्या अशा वापराचं हे फार आधीचं उदाहरण. बोसांचं मोठेपण सांगायला दुसऱ्या कोणाला चोर ठरवायची गरजच नाही. खरं तेवढं सांगितलं तरी ते पुरेसं मोठं आहे.

लाजाळूलाही विश्रांती लागते

पुढे बोस वनस्पतींकडे वळले. अनेकांना ही उडी वाटते, पण पद्धत तीच होती. ग्राहकावर लहरी सारख्या आदळत राहिल्या की तो थकल्यासारखा वागतो आणि विश्रांतीनंतर सावरतो, हे त्यांनी पाहिलं होतं. मग धातूचे आणि वनस्पतींचे तुकडे घेऊन त्यांना ठरावीक ताकदीचा, ठरावीक वेळानं धक्का द्यायचा आणि प्रतिसाद नोंदवायचा, असे प्रयोग त्यांनी सुरू केले. १९०२ मध्ये त्यावर पुस्तक आलं. पुढे वनस्पतीची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवलं. त्यांचे सगळे निष्कर्ष तेव्हा मान्य झाले नाहीत, आजही काहींवर मतभेद आहेत. मात्र लाजाळूत विजेचे संकेत धावतात, हे त्यांचं म्हणणं पुढच्या संशोधनात टिकलं.

१९१७ च्या ३० नोव्हेंबरला कलकत्त्यात त्यांनी बोस संशोधन संस्था सुरू केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, ७९ वा वाढदिवस आठवड्यावर असताना, गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

आपल्या उपनगरातला बर्स्ट

हे सगळं फार लांबचं वाटतंय? अंधेरी-जोगेश्वरीच्या पूर्वेला वेरावलीच्या टेकडीवर हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, २०२२ मध्ये सुरू झालेलं. पावसाळ्यात शाळेला सुट्टी द्यायची की नाही हे ठरताना ज्या नोंदी बघतात, त्यांत याच्याही नोंदी असतात. त्याची लहर साधारण ५ सेंटिमीटरची. रडार काय करतं? लहरींचा एक छोटा झोत सोडतं आणि गप्प बसतं. ढगातल्या थेंबांवरून परत आलेला क्षीण प्रतिध्वनी ऐकतं. समजा ढग १२० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन २४० किलोमीटर, लहरीचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे ०.८ मिलिसेकंद थांबायला हवं. त्याआधीच पुढचा झोत सोडला तर हा प्रतिध्वनी कोणत्या झोताचा हे ठरवणं अवघड होतं आणि ढग चुकीच्या अंतरावर दिसू शकतो. बघा, बर्स्ट पीरियडचा आकडा किती मोलाचा असतो. तो चुकला तर घाटकोपर-मुलुंडवर येणारा पाऊस नकाशावर भलतीकडे दिसेल.

शाळेत जनरेटर नसेल तर?

तरीही तीन गोष्टी करता येतात.

पहिली, टाळी. मैदानात शाळेच्या इमारतीकडे तोंड करून, १७ मीटरपेक्षा लांब उभं राहून एक टाळी वाजवायला सांगा. प्रतिध्वनी ऐकू येतो का बघा. मग त्याच जागी सलग शिट्टी वाजवा. प्रतिध्वनी असतोच, पण शिट्टीत मिसळून जातो. टाळी म्हणजे आवाजाचा बर्स्ट.

दुसरी, गॅसचा लायटर. ठिणगी पाडणारा साधा लायटर घ्या आणि जुना मध्यम लहरींचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावा. जवळ लायटर दाबला की रेडिओत टक ऐकू येतं. एक दाब, एक ठिणगी, एक टक. बोसांची कळ ती हीच. हे करताना जवळ गॅस शेगडी किंवा सिलिंडर नको आणि शिक्षक किंवा पालक समोर हवेत.

तिसरी, लाजाळूची कुंडी. पानाला एकदा स्पर्श करा आणि ते पुन्हा उघडायला किती मिनिटं लागतात ते मुलांना मोजू द्या. पूर्ण उघडायच्या आत पुन्हा स्पर्श केला तर काय होतं, तेही लिहू द्या. मुलांच्या वहीत बर्स्ट पीरियड असा आपोआप येईल.

येत्या ३० नोव्हेंबरला परिपाठात भाषणाऐवजी यातला एखादा प्रयोग ठेवा. आधी मुलांना विचारा, काय होईल असं वाटतं? आणि उत्तरासाठी थोडं थांबा.